काटा स्थिर होईपर्यंत

सोमवार, ४ मार्च
सकाळी सात वाजून दहा मिनिटं

ताई,

आधी नमस्कार आणि मग मजकूर, असं तूच शिकवलंस, म्हणून आधी नमस्कार.

सलून उघडायला अजून वेळ आहे. हे पत्र लिहायला घेण्यापूर्वी मी गिऱ्हाइकांच्या तिसऱ्या खुर्चीत पाय समोरच्या कट्ट्यावर टाकून पडलो होतो आणि आरशात स्वतःची पावलं बघत होतो. खाली सोडली की जांभळी होतात, वर घेतली की हळूहळू माणसाच्या रंगावर येतात. हे पूर्वी एवढं नव्हतं.

तू फोन उचलत नाहीस. उचललास तर दोघंही ओरडू, हेही खरं. कागदावर ओरडता येत नाही, म्हणून कागद.

मी बरा आहे. (हे वाक्य खोडणार होतो, पण खाडाखोड केलेलं पत्र तुला आवडत नाही, म्हणून राहू दिलं.)

उस्तादांनी सलूनच्या मागची खोली दिली आहे. एक खाट, एक खिडकी आणि धुवायच्या टॉवेलांचा ढीग. भाडं पगारातून कापतात. गेल्या महिन्यात त्यांनी माझ्याकडून वस्तरा काढून घेतला. म्हणाले, "हात थरथरतो तुझा. कात्रीने चुकलं तर केस जातात, वस्तऱ्याने चुकलं तर गिऱ्हाईक जातं." आवाज चढवला नाही त्यांनी. त्यामुळे जास्त लागलं.

तुझं घर सोडल्याला सव्वा वर्ष झालं. तेवढ्यात मी कुठे कुठे जाऊन आलो ते तुला कळलेलं बरं, म्हणजे मी हातावर हात धरून बसलो असं तुला वाटायला नको. कानाच्या डॉक्टरांनी कानात गार आणि गरम पाणी सोडलं. कान उत्तम. पोटाच्या डॉक्टरांनी नळी घालून पोट बघितलं, तेही उत्तम. नसांच्या डॉक्टरांनी गुडघ्यांवर हातोडी मारली, डोक्याचे फोटो काढले आणि म्हणाले, अशा डोक्याचा हेवा वाटावा. मी म्हटलं, साहेब, याच डोक्यात दुपारनंतर धुकं भरतं, गिऱ्हाइकाने काय कापायला सांगितलं ते आठवत नाही. त्यांनी झोपेची गोळी दिली.

प्रत्येक जण विचारतो, नक्की काय होतं? मी सांगायला लागतो, चक्कर येते, छातीत धडधडतं, मळमळतं, हात गार पडतात, दात घासता घासता पाय गळतात. तिसऱ्या तक्रारीला डॉक्टरांचं पेन थांबतं. एवढ्या तक्रारी एका तरुण माणसाला नसतात, असं ते बोलत नाहीत, पण पेन बोलतं. मग तपासण्या. मग कागद. कागदाच्या तळाशी एकच शब्द, नॉर्मल. आधी आधी तो शब्द ऐकून बरं वाटायचं. आता कुणीतरी आतून कडी लावून घेतल्यासारखं वाटतं.

तू घालून दिलेली पद्धत मी मोडलेली नाही. प्रत्येक ठिकाणी अर्धा तास आधी जातो, बाकावर शांत बसतो, पाणी पितो, छाती पूर्ण थंडावली की मगच आत पाऊल टाकतो. "काटा स्थिर झाल्याशिवाय आकडा लिहायचा नाही." गोदामातल्या वजनकाट्यावर तू एवढी वर्षं काढलीस, एका पोत्याचं वजन चुकलं नाही. माझंही चुकू नये म्हणून तूच मला तसं बसवायला लागलीस. मी तसाच बसतो.

आणि अळणीच खातो. शपथ.

त्या दुपारच्या बरणीबद्दल मी काही लिहिणार नाही.

मुंगीला सांग, मामाने विचारलंय. तिच्या कपाळावरची झुलपं डोळ्यांत जात असतील. दुसऱ्या कुणाला कापू देऊ नकोस, तिरकी कापतात.

तुझा,
धाकटा


शुक्रवार, २२ मार्च
दुपार, खाटेवरून

ताई,

मागच्या पत्रात मी बरा आहे असं लिहिलं होतं. ते तेवढं मागे घेतो.

मंगळवारी मी मास्तरांच्या अंगावर पडलो. मास्तर म्हणजे आमच्याकडे रोज येणारे निवृत्त शिक्षक. केस महिन्यातून एकदा कापतात, बाकीचे दिवस वर्तमानपत्र वाचायला येतात. त्यांच्या डाव्या कानामागे कात्री चालवत होतो. खोलीत उकडत होतं, सकाळपासून एकदाही टेकलो नव्हतो. आधी आवाज लांब गेले, मग आरशाच्या कडा काळ्या व्हायला लागल्या. पुढचं आठवतं ते त्यांच्या मांडीवरून. मास्तर वर बघून म्हणत होते, "अरे, याला उचला कुणीतरी, माझे अर्धेच झालेत."

मग प्रत्येकाने माझा आजार ओळखला. वाट बघत बसलेला एक टॅक्सीवाला म्हणाला, रात्री मोबाईल बघत जागत असेल. दुसरा म्हणाला, खाणंपिणं नाही, बघा हाडं. रांगेतला एक जण म्हणाला, "याचं लग्न करून द्या, सगळं थांबेल."

"लग्नाने माणूस बरा होत असता," मास्तर म्हणाले, "तर मी रोज इथे येऊन बसलो असतो का?"

सगळे हसले. मीही हसलो. फरशीवर, केसांत पडून.

संध्याकाळी उस्तादांनी मला मागच्या खोलीत गाठलं. म्हणाले, "तू मला मुलासारखा आहेस. पण मुलगा झाला तरी गिऱ्हाइकावर पडलेला मला चालणार नाही. पुढच्या महिनाअखेरपर्यंत थांबतो. मग दुसरा माणूस बघावा लागेल." माणूस गेला म्हणजे खोली गेली, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मनाच्या डॉक्टरांकडेही जाऊन आलो. मी निघताना तू जे म्हणाली होतीस, "एकदा डोकं तपासून घे," ते केलं. बाई चांगल्या होत्या. तासभर ऐकून घेतलं. म्हणाल्या, "तुम्ही काळजी करता, फार करता, त्यावर आपण काम करू. पण काळजीने पाय जांभळे होतात असं माझ्या वाचनात नाही. शरीराचा शोध थांबवू नका."

मी थांबवतो आहे, ताई. आजाराने दमतो त्याहून मी तो शोधण्याने दमलो. नवीन डॉक्टर, नवीन बाक, पुन्हा पहिल्यापासून सगळी कथा. सांगता सांगता माझं मलाच खोटं वाटायला लागतं.

अजून एक. शपथ घेतली होती म्हणून लिहितो. बुधवारी सलून बंद असतं, त्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या खानावळीत जेवतो. तिथल्या जेवणात मीठ असतं. गुरुवारी मी जरा बरा असतो. तू म्हणशील, सुट्टीमुळे. तसंच असेल.

धाकटा


मंगळवार, ९ एप्रिल

ताई,

काल भाऊजी सलूनमध्ये येऊन गेले. त्यांच्यावर चिडू नकोस. बिचारे केस कापायच्या निमित्ताने आले आणि त्यांच्या डोक्यावर निमित्ताएवढेही केस नाहीत.

खुर्चीत बसताच म्हणाले, "काय मेहुणे, कापता की पडता अंगावर?" म्हणजे उस्तादांनी दारातच सगळं सांगितलेलं. मी फडकं बांधलं. मग बराच वेळ ते आरशातल्या माझ्याशी बोलले.

"पोरगी तुझ्यावर गेली रे."

मी म्हटलं, "नाकाने?"

"नाकाने गेली असती तर आलो नसतो. शाळेत प्रार्थनेला उभी राहिली की मटकन खाली बसते. बाई म्हणाल्या, नाटक करते. वर्गाबाहेर उभी केली शिक्षा म्हणून. तिथे पडली. हनुवटीला टाके पडलेत."

माझी कात्री थांबली. ते म्हणाले, "चालू ठेव, नाहीतर मला रडू येईल." मग म्हणाले, "नाव मुंगी, आणि साखर सोडून मिठाला लागलीय. परवा पलंगाखाली मुठीत मीठ घेऊन सापडली. तुझी ताई म्हणाली, मामाचं बघून शिकली. बरणी वरच्या फळीवर गेली. आता पोरीचंही अळणी."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मी? मी मागच्या वेळी नुसता हसलो, तर अजून भोगतोय."

आता मला बरणीबद्दल लिहावं लागणार.

मला मिठाची हाव सुटायची. का ते मला माहीत नव्हतं. तुझ्या घरी राहायला आलो तेव्हा माझी धडधड ऐकून पहिले डॉक्टर म्हणाले होते, "मीठ जरा बेताने." जरा हे माप तुझ्या काट्यावर नाही. तू जेवणातलं मीठच बंद केलंस, आणि माझ्या एकट्याच्या ताटात वेगळं नको म्हणून सगळ्यांचंच केलंस. दोन वर्षं तुम्ही तिघं माझ्यापायी अळणी जेवलात. म्हणून त्या दुपारी तू गोदामातून लवकर आलीस आणि मी ओट्याशी उकिडवा बसून बरणीतलं मीठ तळहातावरून चाटताना दिसलो, तेव्हा तुला काय वाटलं असेल ते मला कळतं. तू म्हणालीस, मुद्दाम आजारी पडतोस, कामाला जायला नको म्हणून. म्हणालीस, "खाल्ल्या मिठाला तरी जागायचंस." त्यावर बाहेरच्या खोलीत भाऊजी हसले. ते हसले नसते तर कदाचित मी घरातून निघालो नसतो, आणि तू पळी फेकली नसतीस.

पण एक बघ. मुंगी त्या दुपारी शाळेच्या सहलीला गेली होती. त्याआधी मी कधी कुणासमोर मीठ खाल्लेलं नाही. लाज वाटायची. तिने माझं काय बघितलं असेल? बघितलंस ते फक्त तू.

मग ती कुणाचं बघून शिकली?

तिला उभं करू नका. का ते मला अजून सांगता येत नाही. शाळेत जाऊन सांग, काहीही कारण सांग, पण उभं करू नका.

उद्या बुधवार आहे. आता कुठे जाणार नाही असं लिहिलं होतं, पण जातो. माझ्यासाठी नाही.

धाकटा


गुरुवार, ११ एप्रिल
सकाळी

ताई,

काल झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे काही सुटणार नाही.

मोठ्या दवाखान्यात गेलो. नेहमीप्रमाणे आधी बाकावर बसलो, छाती शांत होऊ दिली. आत एक डॉक्टरीणबाई होत्या, माझ्याहून थोड्याच मोठ्या, डोळ्यांखाली माझ्यासारखीच काळी वर्तुळं. त्यांनी टेबलावर झोपवलं, छाती ऐकली, पोट दाबलं, दंडाला पट्टा बांधला, बोटाला नाडी मोजणारा चिमटा लावला. सगळं उत्तम. "या, बसा इकडे," म्हणाल्या आणि थांबल्या, कारण बसायला काही नव्हतं. रुग्णाच्या खुर्चीचा पाय मोडलेला होता. ती कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवली होती.

"मावशी, दुसरी खुर्ची आणताय ना?"

"आणते हो. मिळायला तर हवी. इथे माणसांना खाटा नाहीत, खुर्च्या कुठून येणार?" म्हणत मावशी गेल्या त्या गेल्याच.

मी भिंतीशी उभा राहिलो. चिमटा बोटाला तसाच राहिला होता, त्यांच्याही लक्षात नव्हतं. त्या विचारत होत्या, मी सांगत होतो. या वेळी माझं थोडक्यात सांगितलं आणि मुंगीचं सविस्तर. प्रार्थना, वर्गाबाहेर उभं करणं, टाके. म्हणून वेळ लागला. बोलता बोलता ते चिमट्याचं यंत्र टिकटिक करायला लागलं.

त्यांनी यंत्र झटकलं. चिमटा काढून स्वतःच्या बोटाला लावला, बघितला, परत माझ्या बोटाला लावला.

"घाबरलायत का?"

"नेहमीइतकाच."

"मग आत्ता काय होतंय तुम्हाला?"

मी म्हटलं, "जे सांगतोय तेच होतंय."

त्या जागेवरून उठल्या. तेवढ्यात मावशी खुर्ची घेऊन दारात. माझा चेहरा बघून त्यांनी खुर्ची माझ्या पायांशी आणून आदळली. "बसा, बसा, पांढरे पडलात."

"मावशी, त्यांना खुर्ची देऊ नका."

"अहो, पडतील ना ते!"

"पडले तर धरू. आपण दोघी आहोत." मग मला म्हणाल्या, "अजून थोडा वेळ उभे राहाल? मला आकडा बघायचाय."

ताई, एवढ्या वर्षांत मला उभं राहायला सांगणारं डॉक्टरांपैकी कुणी भेटलं नव्हतं. सगळ्यांचा पहिला शब्द "बसा". मी भिंतीवरचे रंगाचे पोपडे मोजत उभा राहिलो. झोपलेलो असताना नाडी बहात्तर होती. उभ्याने एकशे अठ्ठावीस झाली आणि तिथेच राहिली. रक्तदाब पडला नाही. त्यांनी मोजे काढायला लावले, पावलं बघितली, पुन्हा झोपवलं, पुन्हा उभं केलं. पुन्हा तेच. मग मोठ्या डॉक्टरांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर तिसऱ्यांदा. तोवर मावशींनी माझा दंड धरून ठेवला होता, खुर्ची दुसऱ्या हातात तयार.

आजाराचं नाव लांबलचक आहे, सगळे त्याला पॉट्स म्हणतात. मला समजलं ते असं. उभं राहिलं की रक्त खाली पायांत उतरतं. इतरांचं शरीर ते आपोआप वर ढकलतं. माझं ढकलत नाही, मग डोक्यापर्यंत रक्त पोचवायला हृदय धावत सुटतं. चक्कर, धडधड, मळमळ, डोक्यातलं धुकं, थरथरणारा हात, सगळं त्या एकाचंच. मी ज्या तक्रारी वेगवेगळ्या डॉक्टरांकडे वाटत फिरत होतो त्या सगळ्या एकाच घरच्या निघाल्या. जीव जाण्याचा आजार नाही. पूर्ण जाईल असंही त्यांनी म्हटलं नाही.

त्यांनी विचारलं, "याआधी उभ्याने कधीच कुणी मोजलं नाही?"

मी आपली पद्धत सांगितली. अर्धा तास बसणं, पाणी, छाती थंडावणं. आणि का, तेही सांगितलं, माझी ताई वजनकाट्यावर आहे म्हणून. मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पोत्याचं वजन घेताना बरोबर आहे ते. पण तुमचा आजार काटा हलण्यातच होता. स्थिर होईपर्यंत तो निघून जायचा."

खाली आल्यावर जिन्यात बसून राहिलो. आनंद होईल असं वाटलं होतं. झाला नाही. एवढ्या दिवसांचा शीण एकदम अंगात उतरला, इतका की लोक मला ओलांडून जात होते आणि मला पाय आवरता येत नव्हते.

आता मुंगीचं. तिला तेच असेल असं डॉक्टरीणबाई न बघता सांगणार नाहीत. पण घराण्यात असू शकतं, आणि उंची झपाट्याने वाढते त्या वयात सुरू होतं. तुझ्या जवळच्या डॉक्टरांकडे ने. आधी झोपवून नाडी मोजायला सांग, मग उभी करून, भिंतीशी, दहा मिनिटं. जवळ कुणीतरी राहा.

उपचार काय आहेत ते पुढे लिहीन. पाणी, घट्ट मोजे, हळूहळू व्यायाम, असं आहे. अजून एक आहे. ते नंतर.

धाकटा


शनिवार, ४ मे
सकाळी सहा

ताई,

तू मुंगीला डॉक्टरांकडे नेलंस, हे भाऊजींनी फोनवर सांगितलं. म्हणजे पत्रं वाचतेस. एवढ्यानेच मला किती बरं वाटलं ते लिहीत नाही.

पण भाऊजींनी पुढचंही सांगितलं. तू तिला अर्धा तास बाकावर बसवलंस. पाणी पाजलंस. आत गेल्यावर डॉक्टरांना म्हणालीस, "आता शांत झालीय, आता बघा." त्यांनी खुर्चीत बसवून नाडी मोजली. उत्तम. परत येताना तू तिच्याशी बोलली नाहीस.

मला राग आला होता, काल दिवसभर होता. रात्री झोपलो, सकाळी उठलो तर गेलेला होता. तुझा हातच तसा आहे. गोदामात तू कुणी घाई केली तर काट्यावर हात ठेवू देत नाहीस. मग स्वतःच्या मुलीचा आकडा तू हलता कसा लिहून घेशील?

म्हणून मागच्या पत्रात जे टाळलं ते लिहितो. टाळलं ते तुझ्यासाठी, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे तुझा चेहरा मला डोळ्यांसमोर नको होता.

नाव सांगून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "जेवणात मीठ किती?" मी अभिमानाने सांगितलं, अजिबात नाही. दोन वर्षं घरी, मग इथे, फक्त बुधवार सोडून. त्यांनी पेन खाली ठेवलं.

माझ्यासारख्यांना मीठ जास्त लागतं, ताई. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, पाणी असलं की रक्त वर चढायला मदत होते. औषधाच्या कागदावर गोळीच्या आधी मीठ लिहिलंय. माझं शरीर ते मागत होतं, म्हणून बरणीत हात जायचा. मी आजारी पडायला मीठ खात नव्हतो.

हे वाचून तू काय करशील ते मला माहीत आहे. ओट्याशी जाशील आणि घासलेलं एखादं भांडं पुन्हा घासायला काढशील. घास. मग परत येऊन पुढचं वाच.

तू चुकलीस असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी जरा सांगितलं, तू पूर्ण केलंस. आई गेल्यापासून तू माझं सगळं पूर्णच करत आलीस. मला आठवीनंतर शाळा नको झाली तर घरी बसवून वेलांट्या पूर्ण करून घेतल्यास. कुणी निष्काळजी असतं तर कधीतरी हात सैल सुटून भाजीत मीठ पडलं असतं, मी कधीतरी धावत दवाखान्यात पोचलो असतो, आणि हे केव्हाच कळलं असतं. आपण दोघं फार नीट वागलो, एवढंच झालं.

भाऊजी दोन वर्षं बाहेर चोरून चमचमीत खात होते. त्यांना बोलू नकोस. हे मी लिहायला नको होतं.

आता माझं. सुधारणा आहे, कासवाच्या गतीने. उस्तादांनी महिनाअखेर झाली तरी दुसरा माणूस आणला नाही. त्याऐवजी कुठून तरी चाकांचं एक उंच स्टूल आणलं. मी बसून केस कापतो, गिऱ्हाइकाभोवती गोल फिरत. पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, "छान. आता पडलास तर चाकं असल्यामुळे रस्त्यापर्यंत जाशील." वस्तरा अजून परत मिळालेला नाही. मी मागितलाही नाही.

दुपारनंतरचं धुकं आहेच. पण आता त्याला नाव आहे, त्यामुळे मी त्याच्याशी भांडत नाही, खाली बसतो.

तुझ्याकडे एवढंच मागतो. डॉक्टरांकडे पुन्हा जायला लाज वाटत असेल तर जाऊ नकोस. घरीच कर. सकाळी ती उठण्यापूर्वी मनगट धर आणि मोज. मग भिंतीशी उभी कर, तिला सांग मामा असाच उभा होता, आणि काटा कितीही हलला तरी मोज.

धाकटा


मंगळवार, १४ मे
दुपारी, सलूनमध्ये, गिऱ्हाईक नसताना

ताई,

तुझं पाकीट आज आलं. उस्तादांनी माझ्या हातात देताना विचारलं, "नोटीस आहे का?" पत्ता इतक्या सरळ रेषेत लिहिलेला पाहून त्यांना तसं वाटलं.

आत गोदामाच्या वजनाचा कोरा कागद. पोत्याचा क्रमांक लिहायच्या जागी मुंगीचं नाव. त्याखाली:

"झोपून ७६. उभी, भिंतीशी, दहा मिनिटं: ११९, १२४, १२१, १३०, १२६. आकडा स्थिर होत नव्हता. तसाच लिहिला आहे.
मीठ किती?"

सही केलेली नाहीस. मी तो कागद इतक्या वेळा वाचला की मास्तर म्हणाले, "अरे, दोन ओळी आहेत, पाठ करतोयस का?" मी त्यांना म्हटलं, माझ्या ताईने आयुष्यात पहिल्यांदा हलता आकडा लिहिलाय. त्यांना काही कळलं नाही. त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि मला माझा वेळ दिला.

मीठ किती, याचं उत्तर. माझ्या कागदावरचं माप तिला लावू नकोस. ती लहान आहे. किती ते डॉक्टरीणबाईच ठरवतील, बघून, मोजून. येत्या दोन बुधवारी नाही, त्यापुढच्या, २९ तारखेला सकाळची वेळ मी घेतली आहे. मी दवाखान्याच्या दारात उभा असेन, म्हणजे पायरीवर बसलेला असेन. थेट आत जायचं. बाकावर कुणी बसायचं नाही.

तोवर बरणी वरच्या फळीवरून खाली काढ, आणि घरातल्या सगळ्यांच्या जेवणात चवीपुरतं मीठ घाल. चवीपुरतं हेही माप तुझ्या काट्यावर नाही, माहीत आहे. मुंगीला चाखायला दे. ती पुरे म्हणेल तिथे थांब.

शेवटी हिशेब, तू विचारण्याआधी.

तपासण्यांवर आजवर गेले एक्केचाळीस हजार सहाशे. त्यांतले अठरा हजार तुझे. मोजे, दोन जोड, नऊशे. मास्तरांना अर्ध्या डोक्याचे पैसे परत केले, साठ. मुंगीच्या २९ तारखेच्या भेटीचे दोनशे भरले, पावती सोबत जोडली आहे, ते हिशेबात धरायचे नाहीत. मीठ, एक पुडा, वीस.

देणं बाकी: उस्तादांची उचल, साडेतीन हजार. तुझे अठरा हजार, दरमहा पाचशे प्रमाणे, पहिले पाचशे २९ तारखेला हातात देईन. मुंगीची झुलपं, दीड वर्षाची. कात्री बरोबर आणतो.

धाकटा